माड बियांपासून : लेखांक ५ – एकाच शेंड्याची राखण

बियाण्याचा नारळ गादीवाफ्यात रुजून कोंब कसा वर येतो, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. या कोंबावर येणाऱ्या किडींचा विचार करताना ताडवर्गीय वनस्पतींच्या रचनेतील एक वैशिष्ट्य आधी ध्यानात घ्यावे लागते. आंब्याच्या रोपाचा शेंडा किडीने खाल्ला तर खालचे डोळे फुटून नवी फांदी धरते; माडाला मात्र असा राखीव डोळा नसतो. त्याची सारी वाढ एकाच वर्धनबिंदूतून, म्हणजे नवी पाने घडवणाऱ्या कोवळ्या गाभ्यातून होते आणि लहान रोपात हा गाभा पानांच्या देठांनी वेढलेला, जमिनीलगतच असतो. त्यामुळे रोपावर कीड किती आहे, यापेक्षा ती या गाभ्यापासून किती अंतरावर आहे, यावर रोपाचे भवितव्य ठरते.

या दृष्टीने वाळवी ही रोपवाटिकेतील मोठी शत्रू होय. नारळाचे सोडण, म्हणजे करवंटीवरचे तंतुमय आवरण, हेच तिचे खाद्य असल्याने कोरड्या दिवसांत ती मातीतून सोडणात शिरते आणि तेथून कोंबाच्या बुडाशी पोहोचते. बाहेरची पाने हिरवी असताना मधले पान मलूल होणे हे तिचे लक्षण समजावे. वाफ्यातील जुना पालापाचोळा व लाकडाचे तुकडे काढून टाकणे, रुजत घातलेल्या नारळांवर नदीच्या वाळूचा थर देणे आणि ओलावा टिकवणे, हे उपाय त्यासाठी केले जातात.

गेंड्या भुंग्याची रीत वेगळी आहे. त्याची अळी सजीव रोपाला हात लावत नाही. ती शेणखतात व कुजलेल्या ओंडक्यांत वाढते. प्रौढ भुंगा मात्र रात्री उडत येऊन सुरळीतील न उमललेले पान पोखरतो आणि ते पान पुढे उलगडले की त्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. लहान रोपात हेच भोक गाभ्यापर्यंत गेले तर रोप मरते. म्हणून रोपवाटिकेशेजारचा खतखड्डा वेळोवेळी उपसून अळ्या वेचणे, किंवा अळ्यांना रोग जडवणारी मेटारायझियम ही हिरवी बुरशी त्यात मिसळणे, हा मुळावरचा इलाज ठरतो. शेतात लावलेल्या लहान माडांच्या पानांच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या ठेवून त्यांवर वाळू टाकण्याची पद्धतही रूढ आहे.

याउलट, भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची परिसरात प्रथम आढळलेली रुगोज चक्राकार पांढरी माशी पाने काळवंडून टाकते, तरी तिचा धोका तुलनेने कमी असतो. ती पानांच्या खालच्या बाजूने रस शोषते, तिच्या गोड स्रावावर काजळीसारखी बुरशी चढते. परंतु रोपाला सुरुवातीचे अनेक महिने नारळातील खोबऱ्याचा साठा पोसत असल्याने हे नुकसान ते बहुधा सोसते. शिवाय एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशी या माशीच्या पिलांत अंडी घालून त्यांचा नाश करते आणि सरसकट विषारी फवारणीने आधी तीच मरते. मात्र कीडग्रस्त रोपे दुसरीकडे नेल्यास कीडही त्यांच्यासोबत जाते, म्हणून पानांची खालची बाजू पाहूनच रोप वाफ्याबाहेर काढावे.

रोपवाटिकेत पाहणी करताना नजर प्रथम मधल्या सुरळीकडे, मग बुडाकडे आणि शेवटी पानांकडे जावी, हा क्रम यातूनच सिद्ध होतो. निरोगी ठरलेल्या रोपांतून लावणीयोग्य रोपे कशी निवडावीत, याचा विचार पुढील लेखांकात होईल.