बाणाला पीस कोणतं लावावं?

पारंपरिक लाकडी धनुष्यावरून बाण सुटताना त्याची पिसं धनुष्याला किंवा मुठीला घासून जातात. खरं पीस तिथे दबतं आणि लगेच पूर्ववत होतं. प्लॅस्टिकचं पातं मात्र आपटून बाणाची दिशा बिघडवतं. म्हणून इथे पीसच हवं. आज ते बहुधा टर्कीचं असतं. इंग्लंडच्या लाँगबोवाल्यांची भिस्त हंसाच्या पिसांवर होती. आपल्याकडच्या ‘कंकपत्र’ या जुन्या शब्दात तर बगळ्याच्या जातीचा पक्षीच बसला आहे!

आकार दोन प्रचलित. मागची कड गोलाईने उतरते तो पॅराबोलिक. ती ढालीसारखी टोकदार कापली की शील्ड. शील्ड दिसायला देखणा, पण जरा जास्त आवाज करतो. खरा फरक पडतो तो लांबी-उंचीने. ५ इंच लांबीचं उंच पीस हवा जास्त अडवतं, त्यामुळे डळमळता बाण लवकर सरळ होतो. जड, रुंद पात्याच्या टोकाला आणि नवशिक्याला तेच द्यावं. ४ इंची किंवा त्याहून आखूड पीस वेग राखतं, म्हणून लांबच्या निशाण्याला बरं. पण सोडतानाची चूक ते फारशी सावरत नाही. हवेतल्या लक्ष्यासाठीच्या ‘फ्लू-फ्लू’ बाणाला उंच, न छाटलेली पिसं असतात. तो थोडं अंतर जाऊन झपाट्याने मंदावतो आणि शोधायला सोपा जातो.

एका बाणावर डाव्या-उजव्या पंखांची पिसं कधीच मिसळू नयेत. त्यांची वळणं उलट असतात.