परवान्याचे पिस्तूल अंगावर कोठे बाळगावे? : कायदा, वेश आणि हवामान यांच्या संदर्भात यवतमाळ जिल्ह्यापुरता विचार

शस्त्र जवळ बाळगणे म्हणजे ते चारचौघांत दिसू देणे, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. लग्नाच्या मांडवात बसताना सदरा हेतुपुरस्सर मागे सारणारा परवानाधारक हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. वस्तुतः भारतीय कायद्याची अपेक्षा याच्या नेमकी उलट आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे असल्यास ते त्यासाठीच बनविलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात असावे लागते. ते पूर्णपणे झाकलेले असावे लागते. आणि बाळगणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असावे लागते. शस्त्र परजण्यास तेथे स्पष्ट मनाई आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत लपवून बाळगणे ही वेगळ्या चर्चेची बाब ठरते. भारतात मात्र झाकणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. म्हणून शरीरावरील जागेचा प्रश्न हा हौसेचा नसून कायदेपालनाचा व सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात वरील दोन अटी, म्हणजे आवरण आणि नियंत्रण, या कसोटीवर त्याचा विचार केला आहे.

मिरवण्याची परंपरा आणि लपविण्याची परंपरा

मराठी मुलखात या दोन्ही परंपरा जुन्या आहेत. मराठेशाहीतील सरदारांच्या चित्रांत कमरेच्या शेल्यात खोचलेली कट्यार उघड दिसते. ती दर्जाची खूण होती आणि शेला हेच तिचे स्थान होते. याउलट १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, तसेच वाघनख व बिचवा नजरेआड ठेवलेला होता, असे बखरकार सांगतात. हाताच्या तळव्यात मावणारे वाघनख आणि अस्तनीत दडणारा बिचवा ही वेशानुसार शस्त्र निवडण्याची उदाहरणे आहेत. अंगरख्याची सैल अस्तनी नसती, तर तेथे बिचवा राहिला नसता.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला विनापरवाना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले आणि उघड मिरवणे मागे पडले. पुढे ब्राउनिंगचे चपटे स्वयंचलित पिस्तूल आले. रिव्हॉल्व्हरचे गोल चक्र कपड्यातून फुगवटा दाखविते. चपटे पिस्तूल दाखवीत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, ते याच जातीचे होते. आजही बाळगण्याच्या जागेचा निम्मा निर्णय शस्त्राच्या जाडीवरच होतो.

शरीरावरील जागा

प्रत्येक जागेस तीन प्रश्न विचारावे लागतात. चाप पूर्ण झाकला जातो काय? दुसऱ्याचा हात तेथे सहज पोहोचतो काय? बसणे, वाकणे, पडणे या हालचालींत शस्त्र जागेवर राहते काय? झटकन बाहेर काढता येणे हा प्रश्न चित्रपटांमुळे पहिला वाटतो. प्रत्यक्षात तो शेवटचा आहे.

होल्स्टरशिवाय नुसते कमरेत खोचणे ही सर्वांत धोकादायक पद्धत. देशी कट्टा बाळगणारे गुन्हेगार हेच करतात, आणि त्या कट्ट्याच्या घडणीचा तर काहीच भरवसा नसतो. २००८ मध्ये न्यूयॉर्क येथे प्लॅक्सिको बरेस या नामांकित फुटबॉलपटूने सैल पायजम्याच्या इलॅस्टिकमध्ये पिस्तूल खोचले होते. ते पायात घसरले, सावरण्याच्या गडबडीत गोळी सुटली आणि मांडीतून गेली. पुढे बेकायदा शस्त्राबद्दल त्याला कारावासही भोगावा लागला. नाडीचा पायजमा आणि नेहरू शर्ट हा ज्यांचा नित्याचा वेश आहे, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. नाडीला शस्त्राचे वजन पेलवत नाही.

खिसा सोयीचा वाटतो. परंतु त्याच खिशात किल्ल्या, सुटे पैसे, सुपारीची डबी असते. यांपैकी कोणतीही वस्तू चापाच्या कडीत शिरू शकते. खिसा वापरावयाचाच असेल तर त्यात आवरणातील शस्त्राव्यतिरिक्त काहीही नसावे. आपल्या बंडीचा चोरखिसा नोटांसाठी उत्तम होता. अर्धा किलो लोखंडाने तो लोंबतो आणि गुपित उघडे पडते.

पाठीच्या मध्यभागी, कण्यावर, शस्त्र लावण्याची पद्धत दिसण्यात नीटस आहे. मात्र दुचाकी घसरून माणूस उताणा पडला तर सगळा आघात मणक्यावर येतो. गर्दीत मागून कोणीही हात घालू शकतो, तो आपल्याला दिसतही नाही. काखेतील होल्स्टरला वर कोट अथवा जाकीट हवे. घोट्यावरील होल्स्टरपर्यंत पोहोचण्यास वाकावे लागते आणि धूळ सर्वांत आधी तेथेच बसते. पोटासमोर लावल्यास हाताला जवळ पडते खरे, पण बसल्यावर नळी मांडीच्या व जांघेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांकडे रोखलेली राहते. तेथील चूक दुरुस्त होत नाही.

उरते ती कमरेची बाजू : ज्या हाताने काम करतो त्या हाताकडील, कटीच्या हाडाच्या किंचित मागे, जाड चामडी पट्ट्याला घट्ट बसविलेले आणि चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर, व त्यावर बाहेर सोडलेला सैल सदरा. येथे शस्त्र कोपराखाली राहते, म्हणजे नुसता हात अंगाशी घेतला तरी ते राखले जाते. पोलिसांच्या रिव्हॉल्व्हरला पूर्वापार दोरी बांधलेली असते, तिच्यामागेही हेच कारण आहे : हिसकावले जाण्याची भीती.

पिशवी आणि पर्स

२०१४ च्या प्रारंभी कानपूरच्या आयुधनिर्माणीने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे ०.३२ बोअरचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पर्समध्ये सहज मावते, हा त्याच्या प्रसिद्धीतील एक मुद्दा होता. साडीच्या वेशात पट्टा नसतो, कनवटीला शस्त्र राहत नाही. त्यामुळे पर्सचा विचार स्वाभाविक आहे. तथापि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधील पिस्तूल काढले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने तिचा मृत्यू झाला. ते पिस्तूल पर्सच्या साखळीबंद कप्प्यात होते. पर्स खाली ठेवली जाते, बसच्या सीटवर विसरते, मुलाच्या हाती लागते. पिशवी शरीरापासून वेगळी झाली त्याच क्षणी ‘परिणामकारक नियंत्रण’ संपते. म्हणून स्वतंत्र कुलूपबंद कप्पा आणि खांद्यावरून न उतरणारा पट्टा असल्याविना पर्सचा पर्याय स्वीकारू नये.

जिल्ह्याची परिस्थिती

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. कोट वा जाकीट घालून काखेतील शस्त्र झाकण्याची कल्पना येथे निकालात निघते. उन्हाळ्यात कोट घातलेला माणूस उलट अधिक नजरेत भरतो. घामाने चामडे ओले राहते, शस्त्राला गंज चढतो, काडतुसेही खराब होतात. म्हणून रोज रात्री पुसणे आवश्यक. वणी परिसरातील कोळशाची भुकटी आणि जिनिंगमधील कापसाचे तंतू यंत्रणेत जाऊन बसतात, याचाही विचार होल्स्टर निवडताना करावा. वरून झाकण असलेले होल्स्टर शस्त्र काढण्यास थोडे संथ, पण येथे तेच उपयोगी.

दुसरी बाब सीमेची. परवाना ज्या क्षेत्रापुरता दिला असेल तेथेच तो चालतो. पांढरकवड्याहून आदिलाबादकडे जाताना पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असणाऱ्याने नदीपूर्वीच शस्त्र घरी ठेवलेले असले पाहिजे. पिकांच्या रक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनाही आवरणाचा नियम लागू आहे. बाजाराच्या दिवशी उघडी बंदूक खांद्यावर टाकून गावात येणे त्यात बसत नाही.

शेवटी घराविषयी. शस्त्राची जागा दिवसभर निश्चित असते, ती रात्री अनिश्चित होते, आणि अपघात बहुधा शस्त्र अंगावरून काढताना वा ठेवताना घडतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला दुखापत झाली. ते कपाटात ठेवताना हातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. शस्त्र नियम परवाना मागणाऱ्याकडून सुरक्षा प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी मागतात, ते याचसाठी. आधी नळी रिकाम्या भिंतीकडे किंवा जमिनीकडे, मग काडतुसे बाहेर, मग डोळ्यांनी व बोटाने कोठी रिकामी असल्याची खात्री, आणि त्यानंतरच होल्स्टर पट्ट्यापासून सोडविणे, हा क्रम रोज पाळावा. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली खुंटीला अडकवू नये. पूर्वी करदोट्याला तिजोरीची किल्ली बांधत, तशी ती अंगावरच असावी.