जत्रुकाच्या शस्त्रक्रियेसाठी तंत्रिकारोध

जत्रुकावर (हासळीच्या हाडावर) शस्त्रक्रिया करताना रुग्णाची शुद्ध न घालवता केवळ त्या भागातील वेदना नाहीशी करण्यासाठी संबंधित तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) भोवती संवेदनाहारक औषध टोचतात. या क्रियेस तंत्रिकारोध म्हणतात. शुद्धिहरणाच्या (संपूर्ण भूल देण्याच्या) जोडीनेही ती केली जाते. हाताच्या शस्त्रक्रियेस बहुधा एकाच तंत्रिकाजालाचा रोध पुरतो. जत्रुकाच्या बाबतीत तसे होत नाही. मान, खांदा व छाती यांच्या सीमेवरील या हाडाच्या संवेदना दोन निरनिराळ्या तंत्रिकाजालांतून वाहून नेल्या जातात आणि श्वसनास अत्यावश्यक असलेली मध्यपटल तंत्रिका त्या दोन्ही जालांच्या अगदी लगत असते. त्यामुळे वेदनाशमन पुरेसे व्हावे आणि श्वसनासही बाध येऊ नये, असा दुहेरी हेतू साधणे हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

शस्त्रक्रियेची गरज : खांद्यावर किंवा पसरलेल्या हातावर पडल्याने जत्रुक मोडते. खेळताना आणि दुचाकी वाहनावरून पडल्यामुळे असे अस्थिभंग वारंवार होतात. त्यांपैकी बहुसंख्य हाडाच्या मधल्या तृतीयांशात होतात. पुष्कळ रुग्णांत हात झोळीत ठेवून हाड आपोआप सांधते. तथापि तुकडे एकमेकांपासून फार सरकले असल्यास, हाडाची लांबी बरीच कमी झाली असल्यास, टोकाने त्वचा फाटली किंवा ताणली गेली असल्यास, रक्तवाहिन्यांना वा तंत्रिकांना इजा झाली असल्यास किंवा हाड दीर्घकाळ न सांधल्यास शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी व स्क्रू बसवितात.

तंत्रिकापुरवठा : जत्रुकावरील त्वचेची संवेदना अधिजत्रुक तंत्रिका वाहून नेतात. तिसऱ्या व चौथ्या ग्रैव (मानेतील) मेरुतंत्रिकांपासून निघणाऱ्या या तंत्रिका ग्रैव तंत्रिकाजालाच्या शाखा असून त्या मानेतून खाली उतरतात व जत्रुकाच्या पुढून छातीच्या वरच्या भागापर्यंत पसरतात. हाड व त्यावरील पर्यस्थिकला (आवरण) यांच्या संवेदनांत या तंत्रिकांचा वाटा असतोच. शिवाय पाचव्या व सहाव्या ग्रैव मेरुतंत्रिकांपासून म्हणजेच बाहु तंत्रिकाजालापासून निघणाऱ्या अधोजत्रुक, अधिअंसफलक व पार्श्व वक्षीय या तंत्रिकांचाही त्यांत भाग असतो. प्रत्येक शाखेचा नेमका वाटा किती याबद्दल शारीरविज्ञांत अद्याप एकमत नाही आणि रोधाच्या एकाहून अधिक पद्धती प्रचारात येण्याचे हेच एक प्रमुख कारण आहे.

मध्यपटल तंत्रिका तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या ग्रैव मेरुतंत्रिकांपासून, मुख्यतः चौथीपासून, उगम पावते आणि मानेतील अग्र स्केलीन स्नायूच्या पुढच्या पृष्ठावरून छातीत उतरते. जी मुळे जत्रुकाला संवेदना देतात, त्यांतीलच काही मुळांपासून श्वसनाच्या प्रमुख स्नायूला चालना मिळते. हे सान्निध्य शरीररचनेतच असल्याने केवळ कौशल्याने ते पूर्णपणे टाळता येत नाही.

इतिहास : कोकेनाच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे कार्ल कोलर यांनी व्हिएन्ना येथे १८८४ मध्ये दाखविले. त्यानंतर लवकरच न्यूयॉर्क येथे विल्यम हॉलस्टेड यांनी तंत्रिकांमध्ये कोकेन टोचण्याचे प्रयोग केले व मानेत छेद घेऊन उघड्या केलेल्या बाहु तंत्रिकाजालाचा रोध केला. या प्रयोगांत स्वतःवरही कोकेन वापरल्याने त्यांना त्याचे व्यसन जडले. १९११ मध्ये जर्मनीत गेओर्ख हिर्शेल यांनी काखेतून, तर डीड्रिख कूलेनकांफ यांनी जत्रुकाच्या वरून, छेद न घेता त्वचेतून सुई घालून या जालाचा रोध करण्याची पद्धत सांगितली. कूलेनकांफ यांनी ती प्रथम स्वतःवर आजमावली होती. १९४३ मध्ये लिडोकेन व १९५७ मध्ये बुपिव्हाकेन ही औषधे तयार झाल्यावर रोध अधिक भरवशाचे व दीर्घकाळ टिकणारे झाले. १९७० मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ अलॉन विनी यांनी दोन स्केलीन स्नायूंच्या मधून करावयाच्या रोधाचे वर्णन केले.

प्रारंभी सुईचे टोक तंत्रिकेस लागून हातात झिणझिण्या येणे हीच योग्य जागेची खूण मानीत. पुढे सूक्ष्म विद्युत् प्रवाहाने स्नायूचे आकुंचन घडवून जागा निश्चित करण्यात येऊ लागली. १९९० नंतरच्या दशकात श्राव्यातीत ध्वनींच्या साहाय्याने तंत्रिका, रक्तवाहिन्या व सुई ही पडद्यावर प्रत्यक्ष पाहून रोध करण्याची रीत रुजली व थोड्या औषधात काम भागविणे शक्य झाले. भारतात मात्र भूलतज्ज्ञाच्या वापरातील या यंत्रासही प्रसवपूर्व निदान तंत्रांविषयीच्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते.

पद्धती : (१) उत्तान ग्रैव तंत्रिकाजाल रोध : कानामागून उरोस्थीकडे तिरक्या उतरणाऱ्या मानेच्या ठळक स्नायूच्या मागील कडेच्या मध्याजवळ ग्रैव जालाच्या त्वचेकडे जाणाऱ्या शाखा पृष्ठभागाकडे येतात. तेथे ५ ते १० मिलि. औषध दिल्यास जत्रुकावरील त्वचा बधिर होते. ही पद्धत सोपी असून हाताची शक्ती अबाधित राहते व श्वसनावर सहसा परिणाम होत नाही. तथापि हाडाच्या खालच्या बाजूची संवेदना शिल्लक राहत असल्याने, हाडाला भोक पाडताना किंवा तुकडे ओढून जुळविताना रुग्णास वेदना होऊ शकतात. म्हणून शस्त्रक्रियेसाठी ही पद्धत एकटी सहसा पुरत नाही. याच जालाचा मणक्यांलगत खोलवर रोध केल्यास कशेरुका रोहिणीत किंवा मेरुरज्जूभोवतीच्या पोकळीत औषध जाण्याचा धोका असल्यामुळे तो टाळण्याकडे कल आहे.

(२) आंतरस्केलीन रोध : अग्र व मध्य स्केलीन स्नायूंच्या मधल्या खाचेत पाचव्या व सहाव्या ग्रैव मुळांभोवती औषध देतात. हाडाची संवेदना यामुळे मोठ्या प्रमाणात कमी होते. परंतु त्वचेसाठी ग्रैव जालाच्या रोधाची जोड लागते. या दोहोंचा संयुक्त रोध पुष्कळ रुग्णांत शुद्धिहरणाशिवाय संपूर्ण शस्त्रक्रिया करू देतो. त्याचे मोल मात्र श्वसनाला द्यावे लागते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या मात्रेने रोध केलेल्या सर्व रुग्णांत त्या बाजूचे मध्यपटल दुबळे झालेले आढळले. अशा वेळी खोल श्वासाने आतबाहेर होणाऱ्या हवेचे प्रमाण सु. २५ ते ३० टक्क्यांनी घटते. निरोगी माणसाला हे फारसे जाणवत नाही. २००८ मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेवरील एका अभ्यासात २० मिलि. औषधाने सर्व रुग्णांत, तर ५ मिलि. औषधाने ४५ टक्के रुग्णांत मध्यपटलावर परिणाम झाल्याचे दिसले. म्हणजे मात्रा कमी केल्याने धोका घटतो, पण नाहीसा होत नाही. पापणी खाली येणे, बाहुली आकुंचित होणे व आवाज घोगरा होणे हे या रोधाचे इतर तात्पुरते परिणाम होत.

(३) ऊर्ध्वस्कंध रोध : पाचवे व सहावे मूळ एकत्र येऊन बाहु जालाचा ऊर्ध्वस्कंध (वरचा मुख्य विभाग) बनतो. मुळांपेक्षा किंचित खाली, या जागी औषध दिल्यास ते मध्यपटल तंत्रिकेपासून दूर राहते. त्यामुळे श्वसनावरील परिणाम आंतरस्केलीन रोधापेक्षा कमी रुग्णांत दिसतो. त्वचेच्या रोधाची जोड येथेही लागते.

(४) जत्रु-वक्ष प्रावरणी रोध : ही पद्धत स्पॅनिश भूलतज्ज्ञ लुईस व्हाल्देस-व्हिल्चेस यांनी २०१७ मध्ये मांडली. हीत मानेतील मुळांना हात न लावता अस्थिभंगाच्या दोन्ही बाजूंस, जत्रुकाच्या पुढच्या पृष्ठावर, पर्यस्थिकला व तिच्यावरील प्रावरणी (तंतुमय आवरण) यांच्यामध्ये प्रत्येकी सु. १० ते १५ मिलि. औषध पसरवितात. सुईचा रोख हाडाकडे असल्याने अखंड हाड फुप्फुसाचे संरक्षण करते. मात्र सुई मोडलेल्या फटीत शिरणार नाही हे पाहावे लागते. मध्यपटल व हाताचे स्नायू यांवर या पद्धतीचा परिणाम होत नसल्याचे दिसते. त्वचा पूर्ण बधिर होईलच असे नसल्याने उत्तान ग्रैव रोध बहुधा सोबत करतात. या पद्धतीचा अनुभव उत्साहवर्धक असला, तरी ती नवीन असून तिच्यावरील तुलनात्मक अभ्यास लहान आहेत.

निवड : सर्व रुग्णांना सारखीच योग्य अशी एक पद्धत नाही. फुप्फुसे निरोगी असलेल्या तरुण रुग्णास अल्प मात्रेचा संयुक्त रोध योग्य ठरतो. दीर्घकालीन श्वसनविकार, अतिस्थूलता, किंवा अपघातात विरुद्ध बाजूच्या फासळ्या मोडून फुप्फुसास इजा झालेली असल्यास आंतरस्केलीन रोध टाळणे हिताचे असते. कारण त्या रुग्णाचे श्वसन मुख्यतः ज्या बाजूवर अवलंबून असते, तीच रोधाने दुबळी होते. अशा रुग्णास प्रावरणी रोध व उत्तान ग्रैव रोध यांची जोडी अधिक सुरक्षित असते व जरूर तर सौम्य शुद्धिहरण देता येते. खांद्याकडील टोकाच्या अस्थिभंगात सांध्याची संवेदना बाहु जालातून येत असल्याने त्याच्या शाखांचा रोध महत्त्वाचा असतो. उरोस्थीकडील टोकामागे मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने तेथील शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः शुद्धिहरणच पसंत करतात.

निवडीत शल्यचिकित्सकाच्या गरजेचाही विचार होतो. जत्रुकाच्या खालून हाताची प्रमुख रोहिणी व बाहु जाल जात असल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर बोटांची हालचाल तपासणे आवश्यक असते. हात बधिर असल्यास दुबळेपणा औषधाचा की इजेचा हे काही तास कळत नाही. म्हणून रोधापूर्वीच हाताची संवेदना व शक्ती तपासून तिची नोंद करून ठेवतात.

दक्षता : दोन रोध एकत्र करताना औषधाच्या एकूण मात्रेकडे लक्ष ठेवावे लागते. बुपिव्हाकेनाची कमाल मात्रा सामान्यतः शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किग्रॅ.ला २ मिग्रॅ. मानतात. त्यानुसार ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस ०.५ टक्के विद्राव २४ मिलि.पेक्षा अधिक देता येत नाही. प्रावरणी रोधासाठी लागणारा विद्राव म्हणूनच विरल करून वापरतात. औषध रक्तात अधिक प्रमाणात गेल्यास जिभेस धातूची चव येणे, ओठांभोवती बधिरपणा, कानात आवाज येणे ही पूर्वचिन्हे उमटतात आणि पुढे आचके येऊन हृदयक्रिया थांबू शकते. त्यावर २० टक्के मेद पायस शिरेतून देणे हा उपचार असल्याने ते व श्वसनसाहाय्याची साधने रोध सुरू करण्यापूर्वी हाताशी असावी लागतात. रोधाचा अंमल उतरताना वेदना एकदम उसळतात; म्हणून पोटात घ्यावयाची वेदनाशामके त्याआधीच सुरू करतात. मध्यपटलावर परिणाम होण्याची शक्यता असलेल्या रुग्णास दम लागतो का, याकडे रोध उतरेपर्यंत लक्ष ठेवणे अगत्याचे असते. [⟶ शुद्धिहरण].