चेंडूचा वेग आणि पोरीचा खांदा



आपल्या परिसरातल्या शाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळू लागल्या, त्याला बरीच वर्षे झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लेकी-नाती मैदानावर उतरतात. म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

2025 च्या जूनमध्ये आम्ही उभयता लेकाकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यात राहून आलो. आमची बारा वर्षांची नात तिथे एका संघात पिचर आहे. तिकडे या प्रकाराला 'ट्रॅव्हल सॉफ्टबॉल' म्हणतात. संघ शाळेचा नव्हे, खासगी क्लबचा. पैसे पालकांनी भरायचे आणि शनिवार-रविवार मोटारीत सामान टाकून या गावाहून त्या गावाला स्पर्धेला जायचे. शनिवारी साखळी सामने, रविवारी बाद फेरी. संघ जिंकत गेला तर दोन दिवसांत पाच-सहा सामने होतात.

वयाप्रमाणे अंतर

हा खेळ 1887 साली शिकागोत, तोही बंद सभागृहात सुरू झाला. चेंडू खांद्याखालून टाकायचा असतो. पिचर हात पवनचक्कीसारखा गरकन फिरवते आणि कमरेजवळून चेंडू सोडते. दहा वर्षांखालील मुलींना 35 फुटांवरून टाकायचा, चेंडूचा घेर 11 इंच. बारा वर्षांखालील मुलींना 40 फूट आणि चेंडू 12 इंची. चौदाच्या गटापासून पुढे 43 फूट. मोठ्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतही हेच 43 फूट.

अंतर वाटते थोडे, पण हिशेब करून पाहा. ताशी 50 मैलांचा, म्हणजे आपल्या 80 किलोमीटरचा चेंडू 40 फूट जायला अर्ध्या सेकंदाहून जरासाच जास्त वेळ घेतो. त्यातही पिचर पुढे झेप घेऊन चेंडू सोडते, म्हणजे अंतर आणखी तुटते. बॅट हातात धरून उभ्या पोरीने तेवढ्यात चेंडू पाहायचा, ठरवायचे आणि बॅट फिरवायची. थोरामोठ्यांचे तर विचारूच नका. मोनिका अ‍ॅबट या अमेरिकन खेळाडूने 2012 साली ताशी 77 मैल, म्हणजे सुमारे 124 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला होता.

वेगाचे यंत्र

तिथे जाळीमागे पालक रडार गन घेऊन बसतात. प्रत्येक चेंडूला आकडा. "पन्नास लागले!" म्हणून कोणी ओरडले की बाकीचे माना वळवून बघतात. आम्हाला आपल्या शेती खात्याची माणसे आठवली. तोडणीआधी ती रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतात. बुडख्याच्या कांडीचा रस घातला तर ब्रिक्स चढा, शेंड्याचा घातला तर उतरता. एका कांडीवरून फडाचा उतारा ठरत नाही. या यंत्राचेही तसेच. चेंडूच्या अगदी सरळ रेषेत धरले तर आकडा बरोबर, बाजूने धरले तर कमी. हातातून सुटतानाचा वेग वेगळा, बॅटजवळ पोचतानाचा वेगळा. मग एका चेंडूच्या आकड्यावर मिशीला पीळ काय भरायचा?

मैदानाची तऱ्हा

सकाळचा पहिला सामना होतो तेव्हा मैदान पाणी मारून, रेघा आखून तयार असते. चौथ्या सामन्यापर्यंत पिचर उभी राहते तिथे पाय घासून घासून खड्डा पडतो. पुढचा पाय टेकतो तिथली मातीही उखडते. पाय घसरला की सगळा भार खांद्यावर येतो. वर दुपारचे टेक्सासचे ऊन म्हणजे आपला वैशाखच. मैदान आणि ऊन असे असताना सकाळचाच वेग दुपारी मागायचा, हे काही बरोबर नव्हे.

खांद्याखालून टाकलेल्या चेंडूने हाताला इजा होत नाही, असे तिकडे पूर्वापार मानत आले. पण अभ्यासकांनी मोजमाप केले, तेव्हा खांद्याच्या सांध्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर मोठा ताण येतो असे दिसले. लिटल लीग या संस्थेने मुलांच्या बेसबॉलमध्ये पिचरने दिवसात किती चेंडू टाकायचे याची वयाप्रमाणे मर्यादा 2007 पासून बांधली. आम्ही पाहिलेल्या मुलींच्या स्पर्धेत तशी काही मर्यादा नव्हती. चांगली पिचर एकच असली की तिलाच जुंपायचे.

आम्ही जुन्या सवयीने वहीत रेघा मारत बसलो होतो, काट्यावर गाड्या मोजाव्यात तशा. रविवारी दुपारी चौथा सामना संपला तेव्हा दोन दिवसांच्या रेघा 287 झाल्या. शनिवारी 49 दाखवणारे यंत्र आता 43 वर आले होते. आमच्या सौभाग्यवतींनी नातीला जवळ घेऊन विचारले, "हात दुखतोय का गं?" पोर म्हणाली, "दुखत नाही आजी, नुसता जड झालाय." आम्ही वही लेकापुढे धरली. तो घटकाभर गप्प राहिला, मग उठून प्रशिक्षकांकडे गेला. पुढच्या सामन्याला दुसरी मुलगी उभी राहिली. सामना हरला. परतताना नात गाडीत रडली आणि आमच्याशी दोन दिवस बोलली नाही. बुधवारी मात्र हात हलका झाल्याचे तिनेच येऊन सांगितले.

तात्पर्य एवढेच, की पोरीने तोंड उघडण्याआधी यंत्राने सांगितले होते. यंत्र वाईट नाही. चढता आकडा सगळे बघतात, उतरता आकडा कोणी बघत नाही, ही खरी अडचण.

आपल्या शाळांत रडार गन नसेल, पण वही-पेन्सिल सर्वांकडे आहे. तेव्हा क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना आमची विनंती:

1. पिचरचे चेंडू मोजा, सरावातलेसुद्धा.
2. संघात दोन तरी पिचर तयार करा.
3. दोन सामन्यांच्या मध्ये खड्डा बुजवून, पाणी मारून माती ठोकून घ्या.
4. सावली आणि पाणी आधी, सामना मागाहून.
5. हात दुखतो म्हणाली तर त्या दिवशी खेळ बंद.

आडसाली उसाला सोळा-अठरा महिने द्यावे लागतात. घाईने कोवळा तोडला तर उतारा मार खातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बारा वर्षांच्या पोरीचा खांदाही अजून कोवळाच आहे, त्याला त्याचा वेळ द्यावा.