आजोबांची काळी पेटी

आमच्या बार्शीच्या घरीं देवघराशेजारच्या फडताळांत एक काळी पेटी आहे. ती कोडक कंपनीचा 'ब्राउनी नंबर दोन' कॅमेरा होय. आजोबांनीं १९३० च्या सुमारास घेतलेला. जन्मभर शब्दरूपें घोकवून घेणाऱ्या मास्तरानें यंत्राविषयीं लिहावें हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु गेल्या वर्षीं जें घडलें त्यामुळें लिहिणें भाग आहे.

आमचे धाकटे बंधु गतवर्षीं निवर्तले. त्यांच्या षष्ट्यब्दीचीं सर्व छायाचित्रें चिरंजीवांच्या मोबाईलमध्यें होतीं, आणि तो एकाएकीं बंद पडला. दुरुस्तीवाल्यानें दोन दिवस ठेवून घेतला व चित्रें निघणार नाहींत असें सांगून परत केला. भावजय त्या वेळीं कांहींच बोलल्या नाहींत. चार दिवसांनीं मात्र हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्या पेटीच्या जुन्या निगेटिव्हा असतील का हो कुठें?"

होत्या. बिस्किटांच्या डब्यांत, कागदांत गुंडाळलेल्या. कांहीं एकमेकींस चिकटून वायां गेल्या होत्या. पण १९७४ सालची एक स्वच्छ निघाली. बार्शी स्टेशनावर, १८९७ सालीं सुरू झालेल्या आपल्या छोट्या गाडीपाशीं, दहा वर्षांचे बंधु टोपी हातांत घेऊन उभे! चित्र आम्हींच घेतलेलें. त्याची मोठी प्रत करवून आणली. ती आतां माजघरांत आहे.

मग पेटीच उघडून पाहिली. आंत आहे काय? एक साधें भिंग, तीन भोंकांची एक सरकपट्टी, एक फिरती पत्र्याची चकती आणि तिला ओढणारी एक स्प्रिंग. बस्स. १९०० सालीं पहिली ब्राउनी निघाली ती पुठ्ठ्याची होती व एका डॉलरला मिळे. १९०१ सालीं आलेल्या या नंबर दोनसाठीं जी १२० नांवाची फिल्म काढली, ती आजही तयार होते. एका रोलवर आठ चित्रें. गुंडाळी पुढें सरकविण्यास विसरलें तर एकावर एक दोन चित्रें उमटतात. आमच्या मावशीच्या डोक्यावर अशीच एक म्हैस बसली आहे.

आमच्या पेटीची स्प्रिंग गंजून तुटली होती. गांवांतील एका वृद्ध घड्याळजींनीं पोलादी तारेची नवी करून बसविली. विषय चित्र दिसण्याच्या खिडकींतील आरसा काळवंडला होता, तोही त्यांनीं साध्या आरशाचा तुकडा कापून बदलला. अर्ध्या तासाचें काम! जें यंत्र डोळ्यांना समजतें तें हातांना दुरुस्त करतां येतें. किंबहुना नवें घडवितांही येतें. कोल्हापुरांत आनंदराव व बाबूराव पेंटर या चुलतबंधूंनीं चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः करण्याचा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें १९१८ सालीं तो पुरा केला, आणि त्यावरच 'सैरंध्री' हा १९२० सालचा बोलपट, छे, मूकपट घेतला. ज्यांनीं तो घडविला, त्यांना तो बिघडल्यास दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें नसेल.

मोबाईलची चित्रें अधिक रेखीव असतात, रात्रींही निघतात, हें आम्हांस मान्य आहे. आमच्या पेटीला घरांत उजेड पुरत नाहीं व हात हलला कीं सर्व धूसर. परंतु ती बिघडली तरी आंतील पूर्वींचीं चित्रें घेऊन बुडत नाहीं.

गेल्या महिन्यांत मुंबईहून एक रोल मागविला. भावजयींनीं पहिलें चित्र तुळशीवृंदावनापाशीं नातीचें घेतलें. त्यानंतर आणखी दोन झालीं. रोल अजून पेटींतच आहे. मागच्या तांबड्या खिडकींतून चारचा आंकडा दिसतो.