विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज इथे तर उद्या तिथे असा ज्याचा संसार, त्याला उद्देशून ती वापरतात आणि वापरणाऱ्याच्या मनात थोडी कीव, थोडी थट्टा असते. जिवतीच्या डोंगरात, तांड्यावर वाढलेल्या मला मात्र ती थट्टेची वाटत नाही. सारा संसार एका ओझ्यात बसविणे ही आमच्याकडे एक विद्याच आहे. तिचे नियम पुस्तकात नाहीत, म्हणून येथे मांडतो.

आम्हा बंजाऱ्यांचा इतिहास हा ओझ्याचाच इतिहास होय. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून मुलूखभर नेणारे ते आमचे पूर्वज. बैलाच्या पाठीवर गोणी टाकायची ती दोन्ही अंगांना सारख्या भाराची. एक बाजू जड झाली की गोणी घसरे आणि बैलाची पाठ सोलवटून निघे. समतोल हा पहिला नियम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे पसरली आणि तो व्यापार बसला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींच्या फिरण्यालाच संशयाचा शिक्का लावला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

दुसरा नियम मी आजीकडून शिकलो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे माणिकगडच्या डोंगरात आली. गोंड आणि कोलाम बांधव येथे आधीपासूनच होते. आमच्या घरच्यांनी आणले ते एवढेच : जर्मनचे दोन गंज, तवा, विळा, कुऱ्हाड, गोधड्या आणि ज्वारीच्या बियाण्याची पुरचुंडी. जाते गावीच राहिले. पोटात कावळे ओरडले तरी त्या पुरचुंडीला कोणी हात लावायचा नाही, असा आजीचा दंडक होता. जे तेथे मिळेल ते न्यायचे नाही. जे मिळणार नाही ते सोडायचे नाही, हा तो नियम.

आता आजची गोष्ट. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून हजारो मजूर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तेलंगणात मिरची तोडायला जातात. सीमा ओलांडली की पाटीवरची अक्षरे बदलतात, बोली बदलते. आमचा हाच परमुलूख. मुक्काम शेतावर, आणि सारा संसार एका बोचक्यात. ते बांधण्याची रीत अशी. जुनी चादर अंथरून प्रथम पांघरुणे घालायची. मधोमध सर्वांत जड वस्तू, म्हणजे गंज ठेवायचा. गंजात लहान भांडे, त्यात मीठ, चटणी आणि काडेपेटी. रिकामी जागा म्हणून ठेवायची नाही. भोवती तांदूळ आणि कपडे. मग समोरासमोरची टोके बांधून त्यावर उरलेल्या दोन टोकांची गाठ मारायची. डोक्यावर चुंबळ ठेवून बोचके घेतले की मधला भार थेट मानेच्या कण्यावर येतो आणि चालताना झोल जात नाही. पाठीवरची पिशवी असेल तर जड वस्तू पाठीला लागून ठेवायची, कारण ती जितकी मागे जाईल तितके माणसाला पुढे वाकावे लागते.

खोबरेल तेलाची बाटली पाहून कोणाला ती चैन वाटेल. पण मिरची तोडून हातांची आग होते ती पाण्याने शमत नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्याचप्रमाणे एक रिकामे पोते घडी करून नेतात, कारण कोठे कोठे मजुरीपोटी मिरचीच मिळते. येताना ओझे वाढणार हे जाताना ठाऊक असले पाहिजे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा आपल्या जिल्ह्यांतले कितीतरी मजूर तेलंगणात अडकले आणि पुष्कळांनी पायीच गावची वाट धरली. ओझ्यातील काय टाकावे आणि काय ठेवावे, हा प्रश्न तेव्हा पावलोपावली उभा राहिला असेल.

मित्रहो, वरच्या यादीत एक वस्तू मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. वजनाने ती सर्वांत हलकी. नसली तर मात्र सर्वांत जड. ती म्हणजे कागद. दुष्काळात घर सोडणाऱ्याने बियाणे घेतले, विळा घेतला. शाळेचा दाखला कोण घेणार? पुढे नातवाला जातीचा दाखला हवा झाला. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०. म्हणजे जन्म जिवतीत, शिक्षण जिवतीत, आणि पुरावा मराठवाड्यातील कुठल्याशा शाळेच्या रजिस्टरात. तोही निजामी अमदानीतला असला तर पुष्कळदा उर्दूत. तो शोधायला घरातले कोणीतरी रोजगार बुडवून जाते, तोवर प्रवेशाची मुदत जवळ येते.

जमिनीचेही तेच. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या वननिवाशाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. १९७२ साली आलेल्यांची त्या दिवशी वर्षे भरतात फक्त तेहतीस. अर्धशतक नांगरलेल्या जमिनीचा पट्टा हाती येत नाही तो या हिशेबामुळे. वनाचे रक्षण आणि आदिवासींचा आधीचा हक्क, दोन्ही मला मान्य आहेत. तरीही घाम गाळलेल्या माणसाचा प्रश्न उरतोच.

म्हणून तिसरा नियम माझ्या पिढीचा : बोचक्यात कागदाची एक घडी हवीच. आजोबांचा शाळेतला उतारा, शिधापत्रिका, आधार कार्ड, सातबारा असल्यास तो, यांच्या छायाप्रती मेणकापडात गुंडाळून बरोबर घ्याव्यात आणि मूळ प्रती घरी पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. पुढील शिबिरात एक दिवस तांड्यावर आणि गुड्यावर बसून प्रत्येक घराचे कागद तपासून दिले, काय कमी आहे ते लिहून दिले, तर कित्येक घरांचे पुढचे हेलपाटे वाचतील. वाचता येणे ही आपल्याजवळची शिदोरी आहे. तिचे ओझे होत नाही. ती वाटता मात्र येते.