फटींचा दिवस

सकाळी ८.१५
यवतमाळ. आर्णी रोडच्या आतल्या गल्लीतलं स्लॅबचं घर. मिस्त्री मोटरसायकल उभी करतात. हँडलला अडकवलेल्या पिशवीत रंधा, दोन पटाश्या, गुण्या, ड्रिल मशीन आणि सीलंटची गन. मागे बसलेला त्यांचा भाचा सागवानाची तीन फुटी पट्टी खांद्यावर धरून उतरतो. घराच्या मागच्या खोलीत एक तरुण गाणी रेकॉर्ड करतो. भजनं, भीमगीतं, लग्नाची गाणी. होळी तोंडावर आली आहे. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरची मंडळी लेंगी, म्हणजे बंजारा होळीची गाणी, रेकॉर्ड करायला येणार आहेत. दहा-बारा जण एका सुरात, वर डफ. शेजारच्या घरात दहावीची परीक्षा. समोरून महामार्गाकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. त्यामुळे आवाज आत येऊ नये आणि बाहेरही जाऊ नये, अशी दोन्हीकडची गरज आहे.

सकाळी ८.४०
आधी शोध. खोलीतला दिवा बंद, दार बंद. बाहेर ऊन चांगलं चढलंय. आत डोळे अंधाराला सरावले की फटी आपोआप दिसू लागतात. दाराखाली उजेडाचा जाड पट्टा. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक रेघ. एसीच्या पाइपाशी एक ठिपका. मिस्त्री खडूने खुणा करतात. मग उदबत्ती पेटते. उजेड सरळ जातो, वळणावर अडतो. धूर वळणातूनही वाट काढतो. उदबत्ती स्विचबोर्डापाशी नेली तर धूर भिंतीत ओढला जातो. बोर्डाच्या मागचा वायरिंगचा पाइप थेट बाहेरच्या खोलीत उघडतो.
"आवाज पाण्यासारखा असते भाऊ. फट भेटली का शिरला," मिस्त्री म्हणतात आणि तिथे फुली मारतात.

सकाळी ९.१५
चहा येतो. भिंतींवर काळ्या फोमचे चौकोन चिकटवलेले आहेत. मागच्या वर्षी साडेचार हजार गेले. त्याने खोलीतला घुमारा कमी झाला, माइकमध्ये आवाज स्वच्छ येऊ लागला. बाहेरचा हॉर्न मात्र तसाच राहिला. फोम आतल्या आत फिरणारा आवाज पितो. आरपार जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि त्या वजनात कुठे भोक नसावं लागतं.

हिशेब सरळ आहे. विटांची नऊ इंची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते. तिची १ टक्का जागा उघडी राहिली, की आकडा २० च्या वर जाऊच शकत नाही. या दाराची भिंत १२ फूट बाय १० फूट, म्हणजे १२० चौरस फूट. दार तीन फूट रुंद, खाली अर्धा इंच फट. भरते १८ चौरस इंच, भिंतीच्या हजाराव्या भागाएवढी. तेवढ्यानेही ३० ची मर्यादा पडते, दार कितीही भारी लावा.

सकाळी ९.४५
चौकट. लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये पूर्वी कोणीतरी पांढरं सिमेंट भरलेलं. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं. सिमेंट हलत नाही, म्हणून तडकतं. भाचा पटाशीने जुने पापुद्रे काढतो. ब्रशने धूळ झाडतो, मग ओल्या फडक्याने पुसतो. धुळीवर सीलंट धरत नाही. फट खोल आहे तिथे फोमची दोरी पटाशीच्या पाठीने आत दाबली जाते. त्यामुळे माल वाया जात नाही. शिवाय सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि मधे ताणायला मोकळं राहतं.

सकाळी १०.३०
दोन्ही कडांना मास्किंग टेप. नळीचं तोंड तिरपं कापलं जातं. मिस्त्री गनचा घोडा सावकाश दाबतात, हात एकाच गतीने खाली येतो. मधे थांबलं की तिथे गोळा होतो. हे सीलंट वाळल्यावरही लवचिक राहतं आणि त्यावर रंगही बसतो. सहा मिलिमीटर जाडीची रेघ धरली तर २८० मिलिलिटरच्या नळीत साधारण १० मीटर होतं. चौकटीच्या दोन उभ्या आणि एक आडवी बाजू, आतून आणि बाहेरून, एवढ्यालाच जवळजवळ एक नळी जाते. नळी १९० रुपयांची. पाच आणल्या आहेत.
"मामा, मी मारू का?"
"मार. बाहेरून मार पहिले. अन् हात काहून थरथरते? श्वास रोखून धर थोडा."
भाचा बाहेरची रेघ मारतो. मिस्त्री ओल्या बोटाने ती दाबून बसवतात. टेप निघते. कड सरळ आली आहे.

दुपारी १२.००
कूलरची खिडकी. विदर्भात मागच्या खोलीला कूलरची खिडकी असतेच, आणि स्टुडिओत सगळ्यात मोठं भोक तेच. मागच्या आठवड्यात गवंड्याने ती विटांनी बुजवली, प्लास्टर केलं. आता नवं प्लास्टर आकसलंय. जुन्या भिंतीशी जिथे सांधा आहे तिथे चारी बाजूंनी केसाएवढी भेग. मिस्त्री ती पटाशीने मुद्दाम रुंद करतात, म्हणजे माल आत जाईल. दीड नळी इथे संपते.
तरुणाची आई दारात येऊन उभी राहते.
"भाऊ, सगळं बुजवून रायले. मंग हवा कुठून येईन पोराले?"
"उद्या करतो बाई. प्लायची पेटी बसवतो. हवा येईन, आवाज नाई येणार."
प्रश्न नेमका आहे. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. दहा-बारा माणसं बंद खोलीत तासभर गायली तर डोकं जड होणारच.

दुपारी १.३०
डबे उघडतात. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. मिस्त्रींची हजेरी ९०० रुपये, भाच्याची ५००. हंगामात भाचा जिनिंगमध्ये जातो. तिथेही रोज साधारण एवढाच सुटतो, पण दिवसभर नाकातोंडात कापूस जातो. त्याला सुतारकाम शिकायचंय. मिस्त्रींनी आज पहिल्यांदा त्याच्या हातात गन दिली.

दुपारी २.१५
स्विचबोर्ड. मेन बंद. प्लेट उघडून वायर बाजूला घेतल्या जातात. वायरिंगच्या पाइपाच्या तोंडात मऊच राहणाऱ्या लांबीचा गोळा दाबून बसवतात. घट्ट होणारा मसाला इथे चालत नाही, उद्या वायर बदलायची झाली तर पाइप फोडावा लागेल. लोखंडी डबीच्या कडेनेही सीलंटची रेघ. मग एसी. पाइपाभोवती पीओपीचा गोळा थापलेला, तो मुठीत येतो. मागे बोटभर पोकळी. दोरी, सीलंट, वरून पुन्हा पीओपी. पाणी जाण्याची बारीक नळी थेट बाहेर उघडी आहे. तिला बाहेरच्या बाजूने इंग्रजी यू अक्षरासारखा वळसा दिला जातो. त्यात पाणी साचून राहील आणि आवाजाची वाट बंद होईल.

दुपारी ३.३०
दार. चौकटीच्या खाचेत आतून रबराची पोकळ पट्टी. उभ्या दोन, आडवी एक, मिळून १७ फूट. खाली उंबरठा नाही. टाइल लावताना सगळीकडे सपाट करायची पद्धत आली आणि खालची फट घरोघरी राहिली. सागवानाची पट्टी रंध्याखाली जाते. लांब, पातळ सालपटं निघतात, खोलीभर सागाचा वास. गुण्या लावून टोकं कापतात. टाइलला ड्रिल, गुटके, स्क्रू. पट्टीच्या खाली सीलंट, दाराकडच्या अंगाला रबर. दार लावलं की आता चारी बाजूंना टेकतं.

दुपारी ४.४५
कागदाची परीक्षा. वहीचं पान दारात धरून दार लावायचं आणि ओढायचं. कागद अडला तर रबर दाबलं गेलंय. बिजागरीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात कागद सहज निघून येतो. मिस्त्री तिथलं रबर उचलतात, मागे पातळ पट्टी देतात. पुन्हा कागद. अजून सैल. आणखी एक पट्टी. तिसऱ्यांदा कागद फाटतो.
"हं. आता बसलं."
कडी दोन मिलिमीटर आत सरकवावी लागते. दार लावताना खांद्याचा जोर द्यावा लागतो. तेवढा हवाच.

संध्याकाळी ५.३०
सकाळी तरुणाने खोलीत एका ठरलेल्या आवाजावर ढोलकीचं रेकॉर्डिंग लावून, बाहेर दारापासून तीन फुटांवर मोबाइलने मोजणी केली होती. ६६. आता तीच ढोलकी, तोच आवाज, तीच जागा. ५६. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसतो, पण दोन वेळांमधला फरक खरा धरता येतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. शेजारच्या ओट्यावर भाचा उभा राहतो. तिथे फक्त बारीक ठेका येतो.
मग महामार्गाकडून भरलेला ट्रक जातो. हॉर्न आत आला नाही. इंजिनाची जाड घरघर मात्र आली. ती जमिनीतून, पायातून, भिंतीतून येते. फटी बुजवून ती थांबत नाही. तिच्यासाठी फरशी आणि भिंती दुहेरी कराव्या लागतात, आणि तो खर्च लाखाच्या घरात जातो. तरुण ठरवतो, गायन रात्री दहानंतर घ्यायचं. ट्रक तेव्हाही असतात, पण कमी.

संध्याकाळी ६.१५
ओट्यावर हिशेब. सीलंटच्या पाच नळ्या ९५०. रबर, २० फूट आणलं, ५००. सागवान ३५०. फोमची दोरी १००. लांबी ८०. मास्किंग टेप ८०. माल २,०६०. दोघांची हजेरी १,४००. एकूण ३,४६०. भिंतींवरच्या फोमपेक्षा हजाराने कमी.
तरुण साडेतीन हजार देतो. "काका, वरचे राहू द्या."
मिस्त्री चाळीस रुपये भाच्याच्या हातावर ठेवतात. अर्धी उरलेली नळी तोंडात खिळा घालून बंद करतात. उद्या पेटीला लागेल. तिच्यात चार वळणं, आतून काचलोकर आणि वर कापड, टोकाला सावकाश फिरणारा पंखा. हवा वळत वळत आत येईल, आवाज दर वळणावर लोकरीत जिरत जाईल. पण पेटी म्हणजे भिंतीला नवीन भोक, आणि तिच्या कडेने पुन्हा तीच रेघ.
"उद्या आठला ये," ते भाच्याला सांगतात. "रेघ तू मारशीन."